बारोलो की बार्बारेस्को? आधी गाव विचारा

एका वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा आहे. इटलीहून आलेल्या रेड वाइनच्या दोन बाटल्या एकाच संध्याकाळी उघडल्या, एक बार्बारेस्को आणि एक बारोलो, दोन्ही २०१९ च्या. बार्बारेस्को सुगंधी आणि मवाळ लागली. बारोलोच्या लेबलवर सेर्रालुंगा दाल्बा असं गावाचं नाव होतं, तिने मात्र तोंड पार आवळून टाकलं. द्राक्ष एकच, नेबिओलो. गावं आल्बा शहराच्या दोन बाजूंना, गाडीने अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर. मग हा फरक खरंच मातीचा, की विकणाऱ्यांनी रचलेली कहाणी? आणि त्याच बारोलोची आणखी एक बाटली घरात पडून आहे, तिचं काय करायचं?

फरक खरा आहे. फक्त 'बारोलो भारी, बार्बारेस्को हलकी' या रेषेवर तो पडत नाही. बारोलोला राजा आणि बार्बारेस्कोला राणी म्हणायची या धंद्यात जुनी खोड आहे. मी हॉटेलातल्या मुलांना वाइन सर्व्हिस शिकवतो तेव्हा हे वाक्य पहिल्याच दिवशी वहीतून खोडायला लावतो. ला मोर्रा गावची बारोलो आणि बार्बारेस्को गावची बार्बारेस्को झाकून समोर ठेवली, तर मुरलेली माणसंही फसतात. उलट ला मोर्राची बारोलो आणि सेर्रालुंगाची बारोलो वेगळी ओळखायला फार अनुभव लागत नाही. तुम्हाला जे जाणवलं, त्यात 'बारोलो' या नावापेक्षा 'सेर्रालुंगा' या नावाचा वाटा मोठा होता.

कागदावरचं आधी उरकून घेऊ. दोन्ही वाइन वायव्य इटलीतल्या पिएमोंते प्रांतात, लांगे नावाच्या टेकड्यांत होतात. दोन्हींत नेबिओलो शंभर टक्के, दुसऱ्या जातीचा मणीही चालत नाही. दोन्हींना १९८० साली डीओसीजी हा इटलीतला सर्वांत वरचा दर्जा मिळाला. बारोलोची हद्द ११ गावांत पसरलेली. त्यातली बारोलो, कास्तिल्योने फाल्लेत्तो आणि सेर्रालुंगा ही तीन पूर्णपणे आत, बाकीच्यांचा काही काही भाग. बार्बारेस्को तीन गावांत होते, बार्बारेस्को, नेइवे आणि त्रेइझो, शिवाय आल्बाच्या हद्दीतला एक कोपरा. बारोलो किमान ३८ महिने मुरवावी लागते, त्यातले १८ लाकडात. बार्बारेस्कोला २६ महिने पुरतात, त्यातले ९ लाकडात. हे आकडे दाखवून लोक म्हणतात, बघा, कायद्यानेच बारोलो जास्त ताकदीची मानली. मानली, हे खरं. पण कायदा सरासरी धरून चालतो आणि बाटली एका विशिष्ट उतारावरून येते.

आता मातीकडे वळू, कारण खरी गंमत तिथे आहे.

लांगेच्या टेकड्या म्हणजे वर उचललेला समुद्राचा तळ. आज जिथे पो नदीचं सपाट खोरं आहे तिथे मायोसीन काळात समुद्र होता. त्याच्या तळाशी गाळ, चिकणमाती, वाळू आणि शंख-शिंपल्यांचा चुना थरावर थर साचत गेला. या मिश्रणाला मार्ल म्हणतात. आपल्याकडचा बेसाल्ट आणि त्याची काळी माती डोळ्यांसमोर ठेवून लांगेची जमीन समजत नाही. तिथे घट्ट कातळ क्वचितच दिसतो. ढेकूळ हातात घेतलं तर दाबाने फुटतं, ओलं केलं तर चिखल होतो आणि त्यावर सौम्य आम्ल टाकलं तर चुन्यामुळे फसफसतं. जीवाश्म तर सर्रास सापडतात.

हे थर एकाच वेळी साचले नाहीत आणि एकसारखेही नाहीत. बारोलोचा इलाखा पाहताना तीन नावं लक्षात ठेवली तरी भागतं.

पहिलं सांतागाता फोस्सिलीचं मार्ल. ताजं फोडलं की निळसर राखाडी दिसतं. त्यात बारीक गाळ आणि चिकणमाती भरपूर, वाळू कमी. ला मोर्रा आणि बारोलो या पश्चिमेकडच्या गावांत मुख्यतः हेच. दुसरं लेक्विओचं. यात मार्लचे आणि घट्ट झालेल्या वाळूचे पट्टे आलटून पालटून येतात, रंग फिकट, कुठे कुठे पिवळट, चुना जास्त. सेर्रालुंगाची लांबलचक धार आणि मोनफोर्ते गावाचा काही भाग यावर उभा आहे. तिसरा दियानोचा वालुकाश्म. तो कास्तिल्योने फाल्लेत्तोच्या आसपास आणि मोनफोर्तेच्या काही भागात डोकं वर काढतो. जुन्या पुस्तकांत पश्चिमेला 'टोर्टोनियन' आणि पूर्वेला 'हेल्व्हेशियन' अशी सरळ वाटणी केलेली असते. हेल्व्हेशियन हे नाव भूशास्त्रात आता चालत नाही आणि जमीन काही अशी सुतात कापलेली नसते. तरी आल्बाहून बारोलोकडे जाणारा रस्ता धरला, तर उजवीकडे मऊ, सुगंधी वाइनचा मुलूख आणि डावीकडे कणखर वाइनचा, हा ठोकताळा आजही बऱ्यापैकी चालतो.

ला मोर्रा गाव समुद्रसपाटीपासून ५०० मीटरच्या वर आहे, पण त्याच्या नावाजलेल्या बागा खाली, पूर्व-आग्नेय-दक्षिण तोंडाच्या उतारांवर आहेत: ब्रुनाते, चेरेक्विओ, रोक्के देल्लानुन्त्सियाता. इथल्या नेबिओलोचा वास ग्लास नाकाजवळ नेण्याआधीच येतो. सुकलेल्या गुलाबपाकळ्या, लाल चेरी, थोडा तंबाखू. टॅनिन, म्हणजे तोंड आवळणारा तुरटपणा, असतं, पण बारीक दळलेलं. पाच-सहा वर्षांची बाटलीही माणूस आनंदाने पिऊ शकतो.

सेर्रालुंगा म्हणजे उत्तर-दक्षिण पसरलेली एकच अरुंद धार. दोन्ही अंगांना उतार. उत्तरेकडच्या टोकाला जमीन सखल, तिथे द्राक्षं आधी तयार होतात; दक्षिणेला उंची वाढत जाते आणि तोडणीही मागे सरकते. विन्या रिओंदा, लाझारितो, फाल्लेत्तो, फ्रांचा ही इथली मोठी नावं. नांगरट झाल्यावर या धारेवर उभं राहून पाहा. वरच्या बाजूला माती इतकी पातळ आणि पांढुरकी की खालचे थर पायरी-पायरीने उघडे पडलेले दिसतात. तिथल्या एका बागवाल्याने मला दोन ओळींमधली माती कुदळीने उकरून दाखवली होती. वीतभर खाली गेल्यावर कुदळ वाळूच्या घट्ट पट्ट्यावर अडली, चार पावलं खाली सरकल्यावर त्याच खोलीवर ओलसर मार्ल लागलं. वेलीचं मूळ अशा ठिकाणी सुखाने राहत नाही, ते वाट काढत जातं. या वाइनमध्ये फुलं असतात, पण ती मागून येतात. आधी लोहकट वास, ज्येष्ठमध, डांबर, आणि मग ते टॅनिन, कच्ची सुपारी चावल्यासारखं, हिरड्यांना धरून बसणारं. तुम्ही भेटलात ते यालाच.

'मातीची चव वाइनमध्ये उतरते' असं वाक्य पुष्कळदा वाचायला मिळतं. ते शब्दशः घेऊ नका. चुनखडी चाटून तिची चव वाइनमध्ये शोधायची नसते. मातीतले खनिज पदार्थ मुळांतून वर चढून ग्लासात 'खनिज' चव देतात, याला वनस्पतिशास्त्राचा आधार नाही. माती मुख्यतः एकच काम करते, ती पाणी धरते किंवा सोडते. बाकी बरंच त्यातून घडतं. गाळ-चिकणमातीच्या मार्लमध्ये पाणी उन्हाळाभर थोडं थोडं मिळत राहतं, वेल घाबरत नाही, घड निवांत पिकतात. पातळ, चुनकट, घट्ट पट्ट्यांच्या जमिनीत वेलीची ओढाताण होते. मणी लहान राहतो, रसाच्या मानाने सालीचा वाटा वाढतो, आणि नेबिओलोचं टॅनिन साल आणि बी यांतच असतं. निव्वळ वाळू असेल तर पाणी झरझर निघून जातं, जमीन लवकर तापते, वाइन लवकर बोलकी होते आणि अंगाने सडपातळ राहते. तानारो नदीच्या पलीकडे रोएरोच्या टेकड्या आहेत. तिथे नेबिओलोच आहे, पण माती बरीच वाळूची आणि वयाने तरुण. रोएरोची वाइन बारोलोशेजारी ठेवून प्या, वाळू काय करते ते पहिल्या घोटात कळेल. किंमतही खिशाला झेपेल अशी असते.

नाशिककडचा बागायतदार हे वाचत असेल तर त्याला एक गोष्ट खटकेल: आपल्याकडे पाणी ठिबकच्या चावीवर असतं, तिथे बहुतेक बागांत ते मातीवर सोडलेलं असतं. दुसरा फरक त्याहून मोठा आहे. आपल्याकडे सप्टेंबर-ऑक्टोबरात फळछाटणी होते, मण्यात पाणी उतरल्यानंतरचे दिवस उन्हाळ्याकडे चाललेले असतात. लांगेत ऑगस्टच्या सुमारास मण्यात पाणी उतरतं, आणि पुढचे दिवस थंडीकडे चाललेले असतात. नेबिओलोला वसंतात डोळे लवकर फुटतात आणि तोडणी मात्र सर्वांत शेवटी होते, पूर्वी ऑक्टोबर अखेरपर्यंत, आता उष्णता वाढल्यामुळे बऱ्याच ठिकाणी सप्टेंबरच्या शेवटी सुरू होऊन ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. दिवसा ऊन, रात्री गारवा, सकाळी दरीत धुकं. साखर चढते पण आंबटपणा टिकतो. या शेवटच्या काही आठवड्यांतच उतार-उतारांमधला फरक ठरतो.

म्हणून तिथे सगळ्यात चांगल्या, दक्षिण तोंडाच्या जागा नेबिओलोला दिल्या जातात. बार्बेरा आणि दोल्चेत्तो या दुसऱ्या जाती उरलेल्या जागी. दक्षिण तोंडाच्या उताराला तिथल्या बोलीत 'सोरी' म्हणतात आणि टेकडीच्या माथ्याला 'ब्रिक्को'; लेबलांवर हे शब्द दिसतील. हिवाळ्यात बर्फ आधी कुठे वितळतं ते पाहून म्हातारी माणसं बागेची जागा ठरवत. बारोलोच्या नियमात तर थेट उत्तर तोंडाचे उतार वर्ज्यच आहेत. आता उन्हाळे इतके तापू लागलेत की ही बंदी उठवावी का यावरही तिथे वाद झडलेत. माझ्या मते नियम सैल करण्याआधी उंचावरच्या जुन्या, दुर्लक्षित जागांकडे पाहावं. पण तो विषय निराळा.

आता नदीच्या बाजूला येऊ.

बार्बारेस्को गाव तानारोच्या उजव्या काठावर, नदीवर झुकलेल्या कड्यावर आहे. उंची जेमतेम पावणेतीनशे मीटर. गावाचा मनोरा दुरून दिसतो आणि त्याच्या पायथ्यापासून जमीन सरळ पाण्याकडे कोसळते. तानारो पूर्वी इथून जात नव्हती. ती ब्रा गावाजवळून उत्तरेला पो नदीकडे वाहायची. हजारो वर्षांपूर्वी दुसऱ्या प्रवाहाने तिला पूर्वेकडे ओढून घेतलं. नवा मार्ग जास्त खोल असल्यामुळे तिने आणि तिच्या ओढ्यांनी लांगेची जमीन कापायला सुरुवात केली. आज बारोलो-बार्बारेस्कोत जे तीव्र उतार आणि अरुंद दऱ्या दिसतात, त्यात या घटनेचा मोठा हात आहे. इतके वेगवेगळे उतार एवढ्याशा जागेत आले कुठून, याचं उत्तर निम्मं तरी त्या नदीत आहे.

बार्बारेस्को आणि नेइवेच्या बऱ्याच भागात जमीन पुन्हा तीच, सांतागाताचं निळसर मार्ल. म्हणजे मातीच्या दृष्टीने बार्बारेस्को गाव सेर्रालुंगापेक्षा ला मोर्राच्या जवळचं. त्यात उंची कमी आणि नदी शेजारी, त्यामुळे हवा किंचित उबदार. द्राक्षं साधारणपणे बारोलोच्या आधी तयार होतात. वाइनमध्ये हे टॅनिनच्या पोतात दिसतं. टॅनिन कमी नसतं, नेबिओलो आहे शेवटी. ते लवकर पिकलेलं असतं, त्यामुळे तरुणपणीच घोट खाली उतरतो.

त्रेइझो मात्र हा सगळा हिशेब बिघडवतं. हे गाव ४०० मीटरच्या आसपास, हवा गार, दक्षिणेकडे पुन्हा लेक्विओचे थर डोकावतात. इथली बार्बारेस्को ताठ आणि आंबटपणाने धारदार असते. तिला 'मवाळ राणी' म्हणणाऱ्याने ती प्यायलेली नसावी. नेइवेच्या पूर्वेकडेही वाइन अंगाने भरू लागते. खुद्द बार्बारेस्को गावात मोंतेस्तेफानो नावाची एक जागा आहे, तिच्या वाइनला तिथे कितीतरी जण 'बार्बारेस्कोतली बारोलो' म्हणतात, आणि ते उगीच नाही.

जवळून बघायचं तर आझिली आणि राबाया या दोन बागा घ्या. एकाच वाटीसारख्या उतारावर, एकमेकींना लागून, खाली मार्तिनेंगा. पायी एकीतून दुसरीत गेलात तर सीमा कुठे ओलांडली ते कळायचं नाही. वाइनमध्ये कळतं. आझिली म्हणजे बारीक धाग्याचं टॅनिन, वास उंच, शेवट लांब आणि शांत. राबाया जास्त रुंद, जास्त गडद, थोडी मसाल्याची, पकड मजबूत. दोन्ही दक्षिणेच्या बाजूला तोंड करून. फरक पडतो तो उताराच्या वळणाने, मातीतल्या वाळूच्या कमी-जास्त प्रमाणाने आणि संध्याकाळचं ऊन किती वेळ टिकतं याने. मी दोन्ही चाखताना आधी आझिली ओततो. उलट केलं तर आझिलीचं नाजूक काम राबायाच्या मागे दबून जातं.

हवामानाचा हात बघायला २०१४ चं साल उत्तम. त्या उन्हाळ्यात बारोलोकडे पावसाने झोडपलं, बार्बारेस्कोकडे तोच पाऊस बराच कमी पडला. सरासरी धरून चालणाऱ्यांनी अख्खं वर्ष 'खराब' म्हणून शिक्का मारला. ज्यांनी बार्बारेस्को उचलली त्यांना कमी भावात सुरेख बाटल्या मिळाल्या. उलट २०१७ सारख्या तापलेल्या, कोरड्या सालात मी त्रेइझो किंवा उंचावरची जागा बघतो. साल वाचायचं ते जागेसकट. नुसता आकडा पाठ करून उपयोग नाही.

मग हा सगळा फरक मातीचाच का? नाही. माणसांचाही आहे, आणि दोन नावांच्या किमतीतला फरक तर मुख्यतः माणसांचाच.

बारोलोला एकोणिसाव्या शतकातच मोठे आश्रयदाते लाभले. बारोलोची मार्केझा जुलिया फाल्लेत्ती, ग्रिंझाने गावात शेती पाहणारा कामिल्लो काव्हूर, जो पुढे इटलीचा पहिला पंतप्रधान झाला, आणि सव्होयाचं राजघराणं. राजदरबारी पोचलेल्या वाइनला भाव मिळतोच. बार्बारेस्कोच्या शेतकऱ्यांची नेबिओलो तेव्हा बरीचशी नुसती द्राक्षं म्हणून विकली जायची, त्यातली काही बारोलो करणाऱ्यांकडे जायची. आल्बाच्या वाइन विद्यालयाचे पहिले संचालक दोमित्सिओ काव्हात्सा यांनी १८९४ मध्ये गावातल्या बागवाल्यांना एकत्र करून सहकारी तळघर काढलं, तेव्हा कुठे बार्बारेस्को हे नाव बाटलीवर ठरून यायला लागलं. फॅसिस्ट राजवटीत ते बंद पडलं. मग १९५८ मध्ये गावचे पाद्री दोन फिओरीनो मारेंगो यांनी १९ छोट्या शेतकऱ्यांना घेऊन प्रोदुत्तोरी देल बार्बारेस्को ही सहकारी संस्था उभी केली. आपल्याकडे सहकारी साखर कारखाने उभे राहत होते तोच हा काळ. सहकार म्हटलं की दर्जाबद्दल नाक मुरडणाऱ्यांनी या संस्थेची वाइन एकदा जरूर प्यावी. १९६० नंतर बार्बारेस्को गावचे उत्पादक आंजेलो गाया यांनी बार्बारेस्कोला जगाच्या महागड्या टेबलांवर नेऊन बसवलं. तरी नावाची अनेक दशकांची आघाडी एका पिढीत भरून निघत नाही. बारोलोची लागवडही बार्बारेस्कोच्या जवळजवळ तिप्पट आहे. किमतीत जे अंतर दिसतं त्यात माती थोडी, इतिहास जास्त.

तळघरातही निर्णय होतात. द्राक्षाची साल रसात किती दिवस ठेवायची, मोठे जुने लाकडी पिंप वापरायचे की छोटे नवे, ज्यांना 'बारिक' (barrique) म्हणतात. १९८०-९० च्या दशकांत बारोलोत यावरून घराघरांत भांडणं झाली. या छोट्या नव्या पिंपांमधला व्हॅनिला-कॉफीचा वास जागेचा आवाज झाकून टाकतो, असं माझं मत. बरेच उत्पादक नंतर मोठ्या पिंपांकडे परतले, त्यामुळे हे मत आता फारसं धाडसाचंही राहिलेलं नाही.

म्हणून माती तपासायची तर हात तोच ठेवून जागा बदलायची. यासाठी प्रोदुत्तोरीसारखी सोय जगात फार थोड्या ठिकाणी मिळते. चांगल्या सालांत ही संस्था नऊ वेगवेगळ्या बागांच्या रिझर्व्हा, म्हणजे जास्त काळ मुरवलेल्या वाइन, काढते, आझिली, राबाया, मोंतेस्तेफानो, ओवेल्लो, पोरा वगैरे. तळघर तेच, पद्धत तीच, लाकूड तेच, लेबलही तेच. बदलतं फक्त बागेचं नाव. आणि नऊच्या नऊ बागा एकट्या बार्बारेस्को गावच्या हद्दीत. त्यातल्या आझिली आणि मोंतेस्तेफानो शेजारी ओतल्या की 'बार्बारेस्को अशी असते' हे वाक्य तोंडातून निघत नाही. आल्बाच्या दोन्ही बाजूंची तुलना करायची असेल तर ब्रूनो जाकोझा यांच्या वाइन पाहाव्यात. नेइवेचा हा माणूस, २०१८ मध्ये गेला. आझिलीची बार्बारेस्को आणि सेर्रालुंगातल्या फाल्लेत्तो बागेची बारोलो, दोन्ही त्याच्याच हातच्या. हात एक असल्याने उरतो तो फरक जागेचा म्हणता येतो. किमती मात्र ऐकून घाम फुटेल. चार-सहा जणांनी वर्गणी काढूनच हे करावं.

लेबल वाचताना काय बघायचं? बार्बारेस्कोने २००७ मध्ये ६६ जागांची नावं नकाशावर आखून घेतली, बारोलोने २०१० मध्ये १८१. त्यातली ११ गावांची आहेत. तुमच्या बाटलीवरचं 'सेर्रालुंगा दाल्बा' हे त्यातलंच एक, म्हणजे द्राक्षं त्याच गावची. गावाचं किंवा बागेचं नाव नसेल तर ती अनेक ठिकाणच्या द्राक्षांची मिसळ असू शकते, आणि ते कमीपणाचं मुळीच नाही. बारोलोत जुन्या पद्धतीने मिसळच करायचे. एका जागेचा वास, दुसरीचा कणा. फक्त बागेचं नाव दिसलं की भुलू नका. बुस्सिया नावाची जागा जवळपास ३०० हेक्टरची आहे. तिच्या एका टोकाची वाइन दुसऱ्या टोकाच्या वाइनला ओळख देणार नाही. रेषा आखताना जमिनीबरोबर मालकांच्या आग्रहाचाही विचार झालेला आहे, हे उघड गुपित. मला विचाराल तर सुरुवातीला बागेपेक्षा गाव लक्षात ठेवा. सुगंध हवा तर ला मोर्रा किंवा बार्बारेस्को गाव. ताकद आणि वर्षानुवर्षं टिकणारी हवी तर सेर्रालुंगा किंवा मोनफोर्ते. दोन्हींचा मधला तोल हवा तर कास्तिल्योने फाल्लेत्तो, किंवा कान्नुबी ही बारोलो गावची लांबट टेकडी, जिथे सांतागाताचं मार्ल आणि दियानोची वाळू एकत्र येतात. गारवा आणि धार हवी तर त्रेइझो.

आता घरातल्या बाटलीचं.

२०१९ ची सेर्रालुंगा अजून पोरसवदा आहे. १२ ते १५ अंशांवर स्थिर राहणारं वाइन कॅबिनेट असेल तर २०३० पर्यंत तिच्याकडे बघूही नका. पण ती साध्या कपाटात, फ्रिजच्या डोक्यावर किंवा देव्हाऱ्याखालच्या खणात असेल, तर थांबण्यात अर्थ नाही. पुण्या-नागपुरातला एक एप्रिल-मे तिला जितकं म्हातारं करेल तितकं तळघरातली कित्येक वर्षं करणार नाहीत, आणि तेही वाईट अर्थाने. अशा वेळी याच हिवाळ्यात उघडा.

उघडायची तर दुपारीच, काचेच्या रुंद भांड्यात ओतून तीन-चार तास हवेवर ठेवायची, आणि प्यायच्या आधी त्या भांड्यासकट तास-दीड तास फ्रिजमध्ये. 'रेड वाइन रूम टेंपरेचरला' हा सल्ला युरोपातल्या थंड घरांचा आहे. आपल्या २८-३० अंशांत अल्कोहोल नाकात चढतं आणि टॅनिन आणखी खरखरीत लागतं. १७-१८ अंश नेमके. मागच्या वेळी तोंड आवळलं त्यात निम्मा दोष तापमानाचा असू शकतो. उरलेला निम्मा बहुधा ताटाचा. तिखट आणि टॅनिन एकमेकांना चेतवतात, त्यामुळे तांबड्या रश्श्यासोबत ही वाइन वाया जाते. मांस आणि स्निग्धता मात्र टॅनिनला शांत करते. पिएमोंतेत बैलाचं किंवा वासराचं मांस याच वाइनमध्ये तासन् तास शिजवतात, किंवा भरपूर लोण्यातला ताजारीन पास्ता करतात. आपल्याकडे मटणाचा पांढरा रस्सा, मिरची हात राखून, चांगला जमतो.

एक ग्लासभर वाइन बाटलीत ठेवून बूच लावा, फ्रिजमध्ये टाका आणि दुसऱ्या संध्याकाळी चाखा. साध्या रेड वाइन एका रात्रीत पडतात. सेर्रालुंगाचा गुलाब बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशीच वर येतो.